खलाशांवाचून आरमार

व्हिडिओ गेम हा विषय या पानावर यावा याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. हमीभाव, बेकारी, जातीय विद्वेष हे प्रश्न दारात उभे असताना पोरांच्या पडद्यावरील खेळाची चिकित्सा करीत बसणे हा निवृत्त माणसाचा रिकामा उद्योग आहे, असे एखाद्या कार्यकर्त्याने म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु ज्या गोष्टीत गावातील तरुण आपल्या फावल्या वेळाचा मोठा भाग घालवतो, जिच्यातून युद्ध म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय आणि हातातला पैसा कशावर खर्चावा यांविषयीच्या कल्पना तो नकळत उचलतो, ती गोष्ट राजकारणाच्या कक्षेबाहेरची मानणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडतो.

अकोला-वाशीम रस्त्यावर, मालेगाव तालुक्यात मेडशी हे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर जगणारा हा मुलूख. समुद्र येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि गावातील बहुसंख्य माणसांनी तो पाहिलेला नाही. तरीही या गावात संध्याकाळी एखाद्या घरातील दूरदर्शन संचासमोर चार-पाच तरुण दाटीवाटीने बसलेले दिसतात. एकाच्या हातात कंट्रोलर असतो, पडद्यावर प्रशांत महासागर पसरलेला असतो, आणि क्षितिजावरील धुरकट ठिपका म्हणजे शत्रूची विनाशिका की क्रूझर यावर वऱ्हाडी बोलीत हिरिरीने वाद चाललेला असतो. पाणतीर किती आधी सोडावा, तोफेचा गोळा लक्ष्यापर्यंत पोचेस्तोवर जहाज किती पुढे सरकेल, बेटाचा आडोसा कसा घ्यावा, याचा हिशेब ही मुले ज्या चपळाईने करतात तो पाहून गणिताच्या शिक्षकाला समाधान वाटावे. खेळाला हसण्याचे कारण नाही. त्यात बुद्धी लागते, संयम लागतो आणि सहकार्यही लागते.

या प्रकारच्या खेळांना आता साठ वर्षांचा इतिहास आहे. जपानमधील सेगा या कंपनीने १९६६ साली 'पेरिस्कोप' नावाचे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र काढले. पाणबुडीच्या दुर्बिणीतून पाहून जहाजे बुडवायची एवढाच तो खेळ होता. १९७६ साली अमेरिकेत 'सी वुल्फ' आला. घरातील संचावर हा प्रकार अटारी आणि इंटेलिव्हिजन यांच्या काळातच पोचला. २००१ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी 'ब्लड वेक' हा लढाऊ होड्यांचा खेळ प्रसिद्ध केला. तो तयार करणारी स्टॉर्मफ्रंट ही कॅलिफोर्नियातील संस्था २००८ साली बंद पडली. खेळाच्या तबकड्या अजून फिरतात, तो घडविणाऱ्यांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. आज ज्यांची चलती आहे त्यांत वॉरगेमिंग या कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स : लेजंड्स' हा २०१९ पासून कन्सोलवर चालणारा खेळ आहे, आणि युबिसॉफ्टचा फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला, हिंदी महासागरातील चाचेगिरीवर बेतलेला 'स्कल अँड बोन्स' हा खेळ आहे.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी प्रथम किमतीकडे पाहतो. प्लेस्टेशन ५ हे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा तबकडीच्या सोयीसह त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने ती ५४,९९० रुपये केली. एका घोषणेने दहा टक्के वाढ झाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा जाहीर हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे हे यंत्र घेण्यासाठी दहा क्विंटलहून अधिक सोयाबीन विकावे लागते. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर ती दोन एकरांची संपूर्ण विक्री झाली. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मळणी आणि मजुरी वजा केलेली नाही. शिवाय हमीभाव हा कागदावरचा भाव आहे. बाजार समितीत प्रत्यक्ष पदरात काय पडते हे या भागातील शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. एका वस्तूचा उत्पादक आपली किंमत स्वतः ठरवतो आणि ती जगभर वसूल करतो. दुसऱ्या वस्तूचा उत्पादक माल गाडीत भरून नेतो आणि किती मिळतील असे विचारतो. विनिमयातील विषमता ज्याला पाठ्यपुस्तकातून समजली नसेल त्याने मेडशीतील ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावी.

या किमतीत सरकारचाही वाटा आहे. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, म्हणजे २०१७ साली, या यंत्रांवर २८ टक्के कर होता. डिसेंबर २०१८ मध्ये कर परिषदेने तो १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. त्या दराने ५४,९९० रुपयांत सुमारे ८,४०० रुपये कराचे झाले. साहजिकच मेडशीसारख्या गावात घरोघरी यंत्र असण्याचा प्रश्नच येत नाही. पुण्यात किंवा संभाजीनगरात नोकरी लागलेला एखादा मुलगा ते घेऊन येतो आणि ते आळीचे होते. जुने प्लेस्टेशन हातोहात विकले जाते. वस्तू खाजगी मालकीची असली तरी तिचा वापर असा सामुदायिक होतो. या तपशिलाकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

हे यंत्र जुळविणारे हात कोणाचे? चीनमधील यानताई येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात प्लेस्टेशन ४ जुळविण्याच्या कामावर प्रशिक्षणाच्या नावाखाली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लावले जात असल्याचे २०१३ साली उघडकीस आले. रात्रपाळी आणि जादा काम यांबाबत आपलेच नियम मोडले गेल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. त्यापूर्वी जानेवारी २०१२ मध्ये त्याच कंपनीच्या वुहान येथील कारखान्यात एक्सबॉक्सच्या उत्पादनाशी निगडित असलेल्या सुमारे दीडशे कामगारांनी छतावर चढून सामूहिक आत्महत्येचा इशारा दिला होता. खेळाचे लेखन करणाऱ्या सुशिक्षित श्रमिकांची स्थितीही निश्चिंत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी जवळजवळ ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० जणांना घरी पाठविले. भांडवलाचे केंद्रीकरण आणि श्रमिकांची कपात या दोन घटनांत चार महिन्यांचेही अंतर नव्हते.

काही खेळ फुकट असतात, असे मुले सांगतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स : लेजंड्स' हा तसाच आहे. उतरविण्यास दाम पडत नाही. पण फुकटच्या या दरवाजाने आत गेल्यावर दुकान लागते. तेथील चलनाला डबलून म्हणतात. ते खऱ्या पैशाने मिळते आणि त्यातून विशेष जहाजे, बढत्या आणि सजावट घेता येते. जो पैसे देत नाही त्याला तेच मिळवायला अनेक आठवडे डाव खेळावे लागतात. म्हणजे एकाने पैसा द्यावयाचा आणि दुसऱ्याने वेळ. धंद्याच्या दृष्टीने दोघेही उपयोगाचे आहेत, कारण पैसे न देणारा खेळाडू नसेल तर पैसे देणाऱ्याने तोफा कोणावर डागायच्या? फुकट खेळणारा मेडशीतील मुलगा हा त्या दुकानातील गिऱ्हाईक नाही, तो दुकानातील मालाचा भाग आहे.

यापुढची पायरी म्हणजे नशिबाच्या पेट्या. आत काय आहे हे न सांगता पेटी विकायची, आणि उघडल्यावर हवे ते जहाज निघाले नाही तर दुसरी घ्यायची. ज्या 'मिसूरी' या युद्धनौकेवर २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीच्या पत्रावर सह्या झाल्या, ती याच मालिकेतील संगणकावरील खेळात २०२१ साली अशा अनिश्चित पुड्यांतून विकायला काढली गेली तेव्हा खेळाडूंमध्येच मोठा असंतोष उसळला आणि कंपनीशी सहकार्य करणारे अनेक जण बाहेर पडले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, आणि त्या खेळांनी जी घरे बसविली ती पाहता तो आवश्यकच होता. परंतु जेथे जिंकण्यासारखे पैसे नाहीतच, फक्त पडद्यावरील जहाजाची लालसा आहे, तेथे अल्पवयीन मुलाला अनिश्चिततेची विक्री करावी काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे लावून धरावा लागेल.

येथवर जे लिहिले ते कोणत्याही व्हिडिओ गेमला थोड्याफार फरकाने लागू पडते. आरमारी खेळाची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. या खेळातील जहाजांवर माणसे नसतात.

हे विधान शब्दशः घ्यावे. जहाजाच्या आयुष्याचा एक आकडा असतो. गोळा लागला की आकडा उतरतो, आग लागली की थोडाथोडा उतरत राहतो, शून्य झाला की जहाज बुडते. आग विझविणारे, भोके बुजविणारे, पंप मारणारे जे पथक असते ते 'दुरुस्ती पथक' या नावाच्या एका बटणात सामावलेले असते. बटण दाबले की आकडा वर चढतो. सेनानी मात्र नावानिशी असतात. यामामोटो आहेत, कनिंगहॅम आहेत. त्यांची चित्रे आहेत, त्यांचे गुण-विशेष आहेत आणि ते वाढविण्याची सोय आहे. ज्यांच्या नावावर लढाई नोंदली जाते ते तेवढे आहेत. बॉयलरपाशी भाजणारे, तोफेला गोळा भरणारे, भांडी घासणारे, तारयंत्रावर रात्र काढणारे कोणी नाहीत. डाव संपला की बुडालेले जहाज पुढच्या डावाला धक्क्यावर तयार असते.

आता एक खरे जहाज घेऊ. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने आपली 'खुकरी' ही फ्रिगेट पाणतीराने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत हे आपण शाळेपासून सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु उरलेल्या १९३ जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येते का? म्हणजे खलाशाला वगळण्याची रीत खेळाने शोधून काढलेली नाही. ती आपल्या इतिहासलेखनात, आपल्या समारंभांत, आपल्या पाठ्यपुस्तकांत आधीपासूनच होती. खेळाने ती यंत्रात बसविली एवढेच.

खलाशी वगळला की काय काय वगळले जाते, ते १९४६ पाहिल्यावर कळते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावरील भारतीय नौसैनिकांनी अन्नाला हात लावण्याचे नाकारले. अन्न निकृष्ट होते, गोऱ्या अधिकाऱ्यांची भाषा अपमानाची होती, गोऱ्या नौसैनिकाच्या तुलनेत पगार अपुरा होता. पाहता पाहता हा संप ७८ जहाजांवर आणि २० किनारी तळांवर पसरला आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे जहाजांवर एकत्र फडकले. मागण्यांची यादी अवश्य वाचण्यासारखी आहे. चांगले अन्न, समान पगार, आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणणे आणि युद्ध संपल्यावर कमी केल्या जाणाऱ्या नौसैनिकांच्या रोजगाराची सोय. पोटाचा प्रश्न, देशाचा प्रश्न आणि दुसऱ्या गुलाम देशाचा प्रश्न त्या मुलांनी एका कागदावर लिहिला. २२ फेब्रुवारीला मुंबईचा कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला. गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. अरुणा असफअली यांनी त्यांना पाठिंबा दिला, सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला आणि २३ तारखेला संप संपला. बडतर्फ झालेल्यांना स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

पडद्यावरील त्या जहाजावर असा संप होणे शक्य नाही. जेवण नाकारणारे तोंडच तेथे नाही. तोफ डागण्याचा हुकूम मिळाल्यावर कोणावर, कशासाठी, असे विचारणारा मनुष्यच तेथे नाही. सर्व सत्ताधाऱ्यांना असे आरमार आवडेल यात शंका नाही, आणि आता ते प्रत्यक्षात येऊ लागले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनने काळ्या समुद्रात 'इवानोवेत्स' आणि 'सीझर कुनिकोव्ह' ही रशियन जहाजे बुडविली ती माणूस नसलेल्या, दुरून पडद्यावर पाहून चालविलेल्या होड्यांनी. ज्याच्या देशावर आक्रमण झाले त्याने आपली माणसे वाचविण्याचा मार्ग शोधावा हे मला समजते. पण हल्ला करणाऱ्या होडीवर कोणी नसले तरी बुडणाऱ्या जहाजावर माणसेच असतात, हे विसरून चालणार नाही. मार्च २०१८ मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'कोलोरॅडो' या अमेरिकन पाणबुडीची दुर्बीण एक्सबॉक्सच्या कंट्रोलरने फिरते. पूर्वीच्या दांड्याची किंमत सुमारे ३८,००० डॉलर होती, हा कंट्रोलर तीस डॉलरच्या आसपास मिळतो. बचत झाली, आणि शिकविण्याचा वेळही वाचला, कारण भरती झालेल्या तरुणाचे हात लहानपणापासून त्याला सरावलेले असतात.

हात सरावले तसे डोळेही सरावतात. ८ मे २०२५ च्या रात्री भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे आपल्या अनेक वृत्तवाहिन्यांनी गर्जून सांगितले. तसे काही घडलेच नव्हते. त्याच दिवसांत व्हिडिओ गेममधील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून मोबाइलवर फिरत होती आणि शासनाच्या माहिती विभागाला ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. गावोगावच्या टपऱ्यांवर त्या रात्री जल्लोष झाला. माझ्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, ती दृश्ये खेळातील आहेत हे सर्वांत आधी ओळखले ते खेळ खेळणाऱ्या पोरांनीच. खेळणारा मुलगा खेळ आणि युद्ध यांतील भेद जाणतो. तो विसरले ते सूटबूट घालून बातम्या सांगणारे.

म्हणूनच या मुलांना उपदेश करण्यापूर्वी आपण त्यांचे आयुष्य पाहिले पाहिजे. संध्याकाळी कंट्रोलर धरणारे हे तरुण पहाटे पाचला रस्त्यावर धावत असतात. सैन्य, पोलीस, नौदल, वनरक्षक, जी भरती निघेल तिच्यासाठी. सोयाबीनवर घर चालत नाही आणि दुसरा उद्योग तालुक्यात नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता आणि २०१८ साली नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही वाशीम होता. मागासलेपणाला नवी नावे मिळत गेली. त्या धावणाऱ्या मुलापुढे जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना आहे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर योजनेच्या मूळ आराखड्याप्रमाणे जास्तीत जास्त शेकडा पंचवीस जणांना कायम सेवा. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळेल, ज्यातील निम्मा हिस्सा त्यांच्याच पगारातून कापलेला असेल. निवृत्तिवेतन नाही. नौदलातील अशा तरुणांची पहिली तुकडी ओडिशातील 'चिल्का' येथून २८ मार्च २०२३ रोजी प्रशिक्षण घेऊन बाहेर पडली.

आता १९४६ च्या मागण्यांतील शेवटची मागणी आठवावी. काम संपल्यावर आमचे काय, असे त्या नौसैनिकांनी विचारले होते. साम्राज्याला त्याचे उत्तर द्यावयाचे नव्हते. ऐंशी वर्षांनंतर स्वतंत्र देशातील नौसैनिकाला तोच प्रश्न पुन्हा पडावा, ही गोष्ट मला पडद्यावरील कोणत्याही खेळापेक्षा अधिक अस्वस्थ करते. खेळात खलाशी नाही आणि योजनेत खलाशी चार वर्षांपुरता आहे. दोहोंमागील दृष्टी एकच आहे. जहाज ही मालमत्ता, सेनानी ही प्रतिष्ठा आणि खलाशी हा खर्चाचा आकडा.

'स्कल अँड बोन्स'विषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. हिंदी महासागर, सतराव्या शतकाची अखेर, कंपन्यांची जहाजे आणि त्यांना लुटणारे चाचे, हे त्याचे विश्व आहे. मराठी वाचकाने येथे थोडे थांबले पाहिजे. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आपला दस्तक घ्यावा एवढा राज्याचा साधा हक्क ते बजावीत होते. इंग्रजांच्या दप्तरात मात्र ते चाचे ठरले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. अंतर्गत वैरापायी आपल्या हातांनी आपले गुराब आणि गलबते जळू दिली, आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना आव्हान देणारी शक्ती उरली नाही. चाचा कोण आणि सरकार कोण हे ज्याच्या हाती लेखणी असते तो ठरवितो. आज ती लेखणी खेळ रचणाऱ्या कंपनीच्या हातात आहे.

परंतु सर्वच खेळ असे नाहीत. लुकास पोप या एकट्या माणसाने २०१८ साली 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' नावाचा खेळ केला आणि पुढच्या वर्षी तो कन्सोलवरही आला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज बंदराला लागले आहे आणि त्यावर जिवंत कोणी नाही. जहाजावरील साठही माणसे कोण होती आणि प्रत्येकाचे काय झाले हे शोधून काढणे एवढाच तो खेळ आहे. त्यात कप्तान आहे तसा सुतार आहे, आचारी आहे आणि हिंदुस्थानी खलाशीही आहेत. प्रत्येकाला नाव आहे. एकही तोफ न डागता तो खेळ माणसाला रात्रभर जागवितो. युद्धात अडकलेल्या सामान्य नागरिकांवरील 'दिस वॉर ऑफ माइन' या खेळाला पोलंडच्या सरकारने २०२० साली शाळांच्या वाचनयादीत स्थान दिले. तेव्हा दोष माध्यमाचा आहे असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. नियम कोण लिहितो आणि कोणाला वगळतो, हा खरा प्रश्न आहे. समाजवादी कार्यकर्त्याला तो परिचित वाटावा.

बंदी हा यावर उपाय आहे असे मला वाटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली ती सीमेवरील तणावामुळे, आणि वर्ष उलटण्याच्या आत तो खेळ नव्या नावाने परत आला. मुलांच्या संध्याकाळी तशाच रिकाम्या राहिल्या. कंट्रोलर काढून घेतल्यावर त्या हातांत आपण काय देणार आहोत, याचे उत्तर नसेल तर काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा एके काळी खेळाच्या मैदानापासून सुरू होत, वैचारिक बौद्धिकाची पाळी नंतर येई. माणसे खेळायला येतात आणि विचार करायला थांबतात, हे त्या पिढीला ठाऊक होते. आपण बैठका घेतो आणि तरुण येत नाहीत म्हणून खंत करतो.

माझ्या सूचना साध्या आहेत. आळीतील एक यंत्र सर्वांचे होते असे वर म्हटले. ते एखाद्याच्या खोलीऐवजी गावच्या वाचनालयात का असू नये? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली 'ड' वर्गाच्या वाचनालयालाही अनुदान मिळते. त्या खोलीत वृत्तपत्रांशेजारी एक जुना कन्सोल आणि निवडक खेळ ठेवायला वर्गणी जमविणे अशक्य नाही. दुसरे, नशिबाच्या पेट्या अल्पवयीनांना विकण्यास मनाई करावी आणि प्रत्येक पेटीत काय निघण्याची शक्यता किती हे मराठीत छापणे बंधनकारक करावे, अशी मागणी आपल्या ठरावांत आली पाहिजे. तिसरे, अग्निपथाच्या प्रश्नावर सभा घ्यावयाची असेल तर ती त्या धावणाऱ्या मुलांबरोबर घ्यावी, त्यांच्याविषयी नव्हे. आणि चौथे, दर वर्षी १८ फेब्रुवारीला गावात एक संध्याकाळ नौसैनिकांच्या संपासाठी राखून ठेवावी. व्याख्यानापूर्वी मुलांना त्यांचा आरमारी खेळ खुशाल खेळू द्यावा. डाव संपल्यावर त्यांना एवढेच विचारावे की तुमच्या या जहाजावर स्वयंपाक कोण करतो, त्याला पगार किती मिळतो आणि चार वर्षांनंतर तो कुठे जातो. उत्तर त्यांना बाहेरून सांगण्याची गरज पडणार नाही. ज्यांचा भाऊ किंवा मित्र भरतीला गेलेला आहे, त्यांना ते ठाऊक आहे.